प्रोसिजर ‘तयार झाली’ म्हणजे बरोबर झाली का?

डेटाबेसमध्ये पहिली स्टोअर्ड प्रोसिजर लिहिल्यावर स्क्रीनवर एक छोटासा संदेश येतो. पोस्टग्रेसमध्ये नुसतं ‘क्रिएट प्रोसिजर’ असं उमटतं, मायएसक्यूएलमध्ये ‘क्वेरी ओके’. हा संदेश बघून आपल्याला हायसं वाटतं. पण त्याचा अर्थ काय, हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत नीट माहीत नव्हतं. मला वाटायचं, सर्व्हरने आपलं काम तपासलं आणि पास केलं. प्रत्यक्षात त्याने बहुतेक वेळा एवढंच सांगितलेलं असतं : ‘तुझं वाक्य मला वाचता आलं, मी ते ठेवून घेतलं.’

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल आणि तुमचा डेटा एक्सेलमध्ये मावेनासा झाला असेल, तर आज ना उद्या तुम्ही प्रोसिजर लिहिणार. म्हणून ती कशी तयार करायची हे थोडक्यात, आणि ती तपासायची कशी हे सविस्तर सांगते. कारण पहिली गोष्ट कोणत्याही पुस्तकात मिळते. दुसरी मला ठेच लागून कळली.

एक सूचना आधीच देते. या लेखात आदेश आणि नावं मी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना सिलेक्ट, जॉइन वगैरे आदेश अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

माझी चूक

माझ्याकडे पावसाच्या रोजच्या नोंदी होत्या. दोन टेबलं. पहिलं ‘केंद्रे’ : केंद्राचा क्रमांक, नाव, तालुका. दुसरं ‘नोंदी’ : केंद्राचा क्रमांक, दिनांक, पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि ‘दर्जा’ नावाचा कॉलम. दर्जा 1 म्हणजे तपासलेली नोंद, 2 म्हणजे शंकास्पद नोंद. मला दर महिन्याला प्रत्येक केंद्राचा एकूण पाऊस आणि पावसाळी दिवसांची संख्या हवी होती. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार ज्या दिवशी 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस नोंदला जातो, तो पावसाळी दिवस.

मी मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर लिहिली. तिला दोन पॅरामीटर दिले : महिना आणि दर्जा. आत, क्वेरीमध्ये, अट घातली :

व्हेअर दर्जा = दर्जा

माझ्या मनात डावीकडचा ‘दर्जा’ हा कॉलम होता आणि उजवीकडचा पॅरामीटर. सर्व्हरला माझं मन कळत नाही. मायएसक्यूएलचा नियम असा, की प्रोसिजरमध्ये कॉलम आणि व्हेरिएबल यांचं नाव सारखं असेल, तर ते नाव व्हेरिएबलचं समजायचं. म्हणजे माझी अट झाली ‘1 = 1’. ती नेहमीच खरी. एकही शंकास्पद नोंद गाळली गेली नाही. एररसुद्धा आली नाही. आकडे अगदी पावसाच्या आकड्यांसारखे दिसत होते. कोकणात जास्त, देशावर कमी. त्यावर मी आलेख काढले, एक सारांश लिहून परिषदेला पाठवला.

गाइड मॅडमनी सेमिनारच्या आधी सहज विचारलं, ‘‘दर्जाची अट लावल्यावर किती नोंदी गळल्या गं?’’ मला आकडा सांगता आला नाही. घरी येऊन प्रोसिजर दर्जा 1 देऊन चालवली, मग 2 देऊन चालवली. दोन्ही उत्तरं शब्दशः एकच. त्या रात्री मला झोप लागली नाही. सारांश मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागला. नशीब एवढंच, की हे परीक्षकांच्या आधी आमच्याच लक्षात आलं.

ही गोष्ट सांगण्याचं कारण, या चुकीत व्याकरणाची चूक नव्हती, टेबल हरवलं नव्हतं, सर्व्हर बिघडला नव्हता. सगळं ‘चाललं’ होतं. संशोधनात अशाच चुका महागात पडतात.

मग प्रोसिजर लिहायचीच कशाला?

रास्त प्रश्न आहे. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या सर्व्हरवरच नाव देऊन साठवलेला छोटा प्रोग्रॅम. ‘कॉल’ म्हणून नाव घेतलं, पॅरामीटर दिले, की तो चालतो. संशोधकाला याचे तीन फायदे आहेत. एक, लाखो ओळी लॅपटॉपवर ओढून आणाव्या लागत नाहीत. हिशोब डेटा असतो तिथेच होतो. दोन, तोच हिशोब जुलैसाठी, ऑगस्टसाठी, दुसऱ्या जिल्ह्यासाठी नेमका तसाच होतो. कॉपी-पेस्ट करताना होणाऱ्या चुका टळतात. तीन, सहा महिन्यांनी कुणी विचारलं ‘हा आकडा कसा काढला?’, तर दाखवायला लिखित उत्तर असतं.

मात्र भाषा प्रत्येक सर्व्हरची वेगळी. एसक्यूएलच्या मानकात साठवलेल्या प्रोग्रॅमचा भाग 1996 मध्ये आला, पण तोवर कंपन्यांनी आपापल्या वाटा धरल्या होत्या. ओरॅकल 7 मध्ये, 1992 साली, पीएल/एसक्यूएलमधल्या स्टोअर्ड प्रोसिजर आल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची भाषा ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल, पोस्टग्रेसची पीएल/पीजीएसक्यूएल. मायएसक्यूएलमध्ये ही सोय 5.0 आवृत्तीत, 2005 साली आली. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन फार पूर्वीपासून होती, पण ‘क्रिएट प्रोसिजर’ आणि ‘कॉल’ 2018 मध्ये, 11व्या आवृत्तीत आले. म्हणून इंटरनेटवरचा जुना नमुना उचलताना आधी बघा, तो कोणत्या सर्व्हरचा आणि कोणत्या आवृत्तीचा आहे.

रचना मात्र सगळीकडे साधारण सारखीच. वर नाव आणि पॅरामीटर, प्रत्येकाचा प्रकार सांगून. मग लागणारी व्हेरिएबलं. मग ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्या मधे प्रत्यक्ष काम. एवढं लिहून आदेश दिला, की सर्व्हर ती ठेवून घेतो. आता खरा प्रश्न : ठेवून घेताना तो काय काय तपासतो?

तपासणीचे चार थर

मी स्वतःसाठी तपासणीचे चार थर मानते. व्याकरण, नावं, वागणूक आणि अर्थ. सर्व्हर पहिला थर नक्की तपासतो, दुसरा कधी तपासतो कधी नाही, तिसरा चालवल्यावरच दिसतो, आणि चौथा फक्त तुम्हीच तपासू शकता.

पहिला थर, व्याकरण. स्वल्पविराम राहिला, ‘एंड इफ’ विसरलं, तर प्रोसिजर तयारच होत नाही किंवा निदान एरर दिसते. यात फार अडकू नका. फक्त ओरॅकलची एक गंमत लक्षात ठेवा. तिथे चूक असली तरी प्रोसिजर साठवली जाते. ‘कंपाइलच्या चुकांसह तयार झाली’ अशी सूचना मिळते आणि तिची स्थिती ‘इनव्हॅलिड’ राहते. ‘शो एरर्स’ असं विचारल्यावर चुका ओळ क्रमांकासह दिसतात. सूचना न वाचता पुढे गेलात, तर सापडेल ते प्रोसिजर हाक मारल्यावर.

दुसरा थर, नावं. प्रोसिजरमध्ये लिहिलेलं टेबल खरंच आहे का? कॉलम आहे का? इथे सर्व्हरांचे स्वभाव अगदी निराळे आहेत.

ओरॅकल तयार करतानाच टेबलं आणि कॉलम शोधतो. नंतर कुणी ते टेबल बदललं, तर अवलंबून असलेल्या प्रोसिजरला ‘इनव्हॅलिड’ ठरवतो आणि पुढच्या वेळी हाक मारल्यावर पुन्हा कंपाइल करून बघतो.

एसक्यूएल सर्व्हर अर्धवट तपासतो. टेबलच अस्तित्वात नसेल, तर ‘येईल पुढे’ असं समजून प्रोसिजर तयार करून देतो. पण टेबल असेल आणि कॉलमचं नाव चुकलं असेल, तर मात्र तिथेच अडवतो.

मायएसक्यूएल व्याकरण बघतो आणि सोडून देतो. टेबल नसलं तरी तक्रार नाही. चालवल्यावर बोंब मारेल.

पोस्टग्रेसमध्ये ते भाषेवर अवलंबून आहे. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये लिहिलंत, तर तयार करताना रचना आणि व्याकरण तपासलं जातं, पण आतली प्रत्येक क्वेरी ती ओळ पहिल्यांदा चालेल तेव्हाच पूर्ण उलगडली जाते. याचा परिणाम नीट समजून घ्या. समजा तुम्ही ‘इफ’ लावून लिहिलं, की फेब्रुवारी असेल तर अमुक करा, आणि त्या फांदीत कॉलमचं नाव चुकलं. जानेवारीला प्रोसिजर चालेल, मार्चला चालेल, अकरा महिने चालेल. फक्त फेब्रुवारीला पडेल. साध्या एसक्यूएल भाषेत लिहिलेलं फंक्शन मात्र तयार करतानाच टेबलं-कॉलम तपासतं. 2021 मध्ये आलेल्या 14व्या आवृत्तीपासून ‘बिगिन ॲटॉमिक’ असं लिहून एसक्यूएल फंक्शन किंवा प्रोसिजर तयार केली, तर ती तयार होतानाच पूर्ण उलगडली जाते आणि कोणत्या टेबलावर ती अवलंबून आहे याची नोंदही राहते. मग ते टेबल कुणी सहज उडवू शकत नाही. पीएल/पीजीएसक्यूएलच्या पोटातल्या टेबलांची अशी नोंद राहत नाही. त्यासाठी ‘पीएलपीजीएसक्यूएल_चेक’ नावाचं एक्स्टेंशन मिळतं. ते प्रोसिजर न चालवता तिच्या सगळ्या फांद्यांमधल्या क्वेरी तपासून चुका सांगतं. तुमच्या सर्व्हरवर ते बसवता येत असेल, तर जरूर बसवा.

जिथे क्वेरी मजकूर म्हणून जोडून बनवली जाते, म्हणजे डायनॅमिक एसक्यूएल, तिथे मात्र कुठलाच सर्व्हर तयार करताना काही सांगू शकत नाही. त्याच्या दृष्टीने तो नुसता मजकूर असतो. शक्य तो ते टाळा.

आता माझ्या चुकीकडे परत येऊ. ‘दर्जा = दर्जा’ हीच ओळ चार ठिकाणी काय करते बघा. मायएसक्यूएलमध्ये दोन्ही बाजू व्हेरिएबल. ओरॅकलमध्ये नियम उलटा, क्वेरीत कॉलमच्या नावाला प्राधान्य. म्हणजे दोन्ही बाजू कॉलम. अट पुन्हा खरीच, फक्त दर्जा रिकामा असलेल्या ओळी तेवढ्या गळतील. पोस्टग्रेसच्या साध्या एसक्यूएल फंक्शनमध्येही कॉलमला प्राधान्य. आणि पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये, मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर, ती ओळ चालताना सर्व्हर थांबतो आणि ‘हे नाव संदिग्ध आहे’ अशी एरर देतो. चौघांत शहाणा हाच. उपाय अगदी सोपा आहे : पॅरामीटरच्या नावाला नेहमी एक उपसर्ग लावा, उदाहरणार्थ ‘पी_दर्जा’, आणि कॉलमच्या आधी टेबलाचं नाव लिहा, ‘नोंदी.दर्जा’. दोन सेकंदांचं काम आहे. माझा एक महिना वाचला असता.

तिसरा थर : वागणूक

आता प्रोसिजर चालवून बघायची. पण कशावर? इथे बहुतेक जण (मीही) सगळ्या खऱ्या डेटावर चालवतात आणि आकडे ‘बरे दिसतात का’ ते पाहतात. ही तपासणी नव्हे. बरोबर उत्तर आधीच माहीत नसेल, तर आलेलं उत्तर बरोबर आहे हे कळणार कसं?

म्हणून एक छोटं टेबल बनवा. इतकं छोटं, की उत्तर कागदावर काढता येईल. माझं असं आहे. तीन केंद्रं : अ, ब, क. अ केंद्राच्या सात नोंदी :

1 जुलै, 10.0 मिमी, दर्जा 1
2 जुलै, 2.5 मिमी, दर्जा 1
3 जुलै, 2.4 मिमी, दर्जा 1
4 जुलै, पाऊस नल, दर्जा 1
5 जुलै, 80.0 मिमी, दर्जा 2
31 जुलै, 20.0 मिमी, दर्जा 1
1 ऑगस्ट, 7.0 मिमी, दर्जा 1

ब केंद्राची एकच नोंद : 6 जुलै, 12.0 मिमी, दर्जा 2. क केंद्राची एकही नोंद नाही.

आता प्रोसिजर चालवायच्या आधी, हो, आधीच, कागदावर लिहा : जुलै, दर्जा 1 साठी उत्तर काय यायला हवं? अ केंद्र : 10.0, 2.5, 2.4 आणि 20.0 मिळून 34.9 मिमी. पावसाळी दिवस 3, कारण 2.5 धरायचा आणि 2.4 सोडायचा. ब आणि क केंद्रं : एकूण पाऊस ‘नल’, म्हणजे माहीत नाही.

आठ ओळींच्या या टेबलात प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या चुकीसाठी लावलेला सापळा आहे. माझी जुनी प्रोसिजर इथे अ केंद्राला 114.9 मिमी आणि 4 पावसाळी दिवस देते. चूक लगेच उघडी पडते. बाकीचे सापळे असे.

2.5 ची ओळ : ‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा जास्त किंवा समान’ यांतला घोळ पकडते.

31 जुलैची ओळ : दिनांकाच्या कॉलममध्ये वेळही असेल आणि तुम्ही ‘बिट्वीन 1 जुलै आणि 31 जुलै’ लिहिलं असेल, तर शेवटची तारीख मध्यरात्री संपते. सकाळी साडेआठची नोंद बाहेर राहते. ‘1 जुलै किंवा नंतर, आणि 1 ऑगस्टच्या आधी’ असं लिहिणं सुरक्षित.

नलची ओळ : नल म्हणजे शून्य नव्हे. बेरीज करताना सर्व्हर नल वगळतो, ते ठीक. पण कुणी ‘नल असेल तर शून्य’ असं लिहिलं, की मोडलेलं पर्जन्यमापक आणि कोरडा दिवस एकच होतात. बेरीज बदलत नाही, पण सरासरी बदलते. म्हणून मी निकालात ‘ग्राह्य नोंदींची संख्या’ असा आणखी एक कॉलम ठेवते. अ केंद्रासाठी तो 4 यायला हवा.

ब आणि क : हा सगळ्यात फसवा सापळा. सगळी केंद्रं यावीत म्हणून आपण लेफ्ट जॉइन लावतो, आणि मग दर्जाची अट ‘व्हेअर’मध्ये लिहितो. तिथे अट लिहिल्याबरोबर, ज्यांना जोडीदार ओळ मिळाली नाही ती केंद्रं गळतात. लेफ्ट जॉइन नावापुरताच उरतो. ही अट ‘ऑन’मध्ये हवी. तीन केंद्रं दिली तर निकालात तीन ओळी यायलाच हव्यात. दोन किंवा एक आली, तर कुठेतरी गळती आहे. तीनपेक्षा जास्त आल्या, तर जॉइनमध्ये दुप्पट मोजणी होतेय.

या शिवाय आणखी दोन वागणुकी तपासा. पहिली भागाकाराची. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो : 7 भागिले 2 म्हणजे 3. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये 3.5. टक्केवारी काढणाऱ्या प्रोसिजर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना हे हमखास चावतं. दुसरी, व्हेरिएबलमध्ये एकच किंमत घ्यायची असताना क्वेरीने अनेक ओळी दिल्या तर? ओरॅकल आणि मायएसक्यूएल एरर देतात. पीएल/पीजीएसक्यूएल मात्र पहिली ओळ घेऊन बाकीच्या गुपचूप टाकून देतो. ‘इन्टू’नंतर ‘स्ट्रिक्ट’ लिहिलंत तरच अडवतो. ‘पहिली’ म्हणजे कोणती, हे क्रम सांगितल्याशिवाय ठरलेलं नसतं. आज एक उत्तर, उद्या दुसरं.

आणि हो, प्रोसिजर दोनदा चालवून बघा. ती सारांशाच्या टेबलात ओळी भरत असेल, तर दुसऱ्या वेळी सगळ्या ओळी दुप्पट होतील का? केंद्र, महिना आणि दर्जा मिळून प्रायमरी की लावली, तर डेटाबेस स्वतःच पहारा देतो.

हे सगळं करताना खरं टेबल बिघडू नये म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करा, प्रोसिजर चालवा, निकाल बघा आणि ‘रोलबॅक’ करा. पण सावध. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ‘क्रिएट टेबल’सारखा आदेश मधे आला, की आधीचं सगळं आपोआप पक्कं होतं; मग रोलबॅकला अर्थ राहत नाही. पोस्टग्रेसमध्ये असे आदेशही मागे घेता येतात. तिथे अडचण वेगळी : प्रोसिजरच्या आतच ‘कमिट’ असेल, तर ती अशा ट्रान्झॅक्शनमध्ये चालतच नाही, एरर देते. सगळ्यात बिनधास्त उपाय म्हणजे तपासणीसाठी वेगळा डेटाबेस.

प्रोसिजरने स्वतःही थोडी तपासणी करावी. दर्जा 1 किंवा 2 सोडून काही दिलं, महिना रिकामा दिला, तर कामाला हात न लावता स्पष्ट एरर द्यावी. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘रेझ एक्सेप्शन’ आहे, मायएसक्यूएलमध्ये ‘सिग्नल’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘थ्रो’. चुकीच्या प्रश्नाला गप्प बसून रिकामं उत्तर देणारी प्रोसिजर धोकादायक, कारण रिकामं उत्तर ‘पाऊस नव्हता’ असंही वाचता येतं.

चौथा थर : अर्थ

इथवर सगळं पास झालं तरी एक प्रश्न उरतो. प्रोसिजर जे मोजते, तेच तुम्हाला मोजायचं आहे का?

पावसाचंच घ्या. हवामान विभागाच्या पद्धतीत पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि तो आधीच्या 24 तासांचा असतो. म्हणजे ‘1 जुलै’ या तारखेसमोरचा पाऊस 30 जूनच्या सकाळी साडेआठपासून पडलेला आहे. मासिक बेरजेत तो जुलैत धरायचा की जूनमध्ये? नेहमीच्या कामात नोंदीची तारीखच धरतात. पण तुम्ही तोच पाऊस नदीच्या पाणीपातळीशी किंवा दुसऱ्या उपकरणाच्या मध्यरात्र ते मध्यरात्र आकड्यांशी जोडणार असाल, तर एका दिवसाचा सांधा हुकेल. जगातला कुठलाही सर्व्हर हे तुम्हाला सांगणार नाही. त्याच्यासाठी ती फक्त एक तारीख.

या थरासाठी मला उपयोगी पडलेल्या तीन सवयी सांगते.

पहिली : एखादा पॅरामीटर बदला आणि उत्तर कसं बदलायला हवं हे आधी सांगा. दर्जाची अट कडक केली तर ग्राह्य नोंदींची संख्या वाढता कामा नये. दर्जा 1 आणि दर्जा 2 यांच्या वेगवेगळ्या बेरजा एकत्र केल्या, तर दोन्ही मिळूनची बेरीज यायला हवी. बरोबर उत्तर माहीत नसतानाही ही तपासणी करता येते, हे तिचं बळ. सॉफ्टवेअर तपासणीत याला ‘मेटामॉर्फिक टेस्टिंग’ म्हणतात. मॅडमचा साधा प्रश्न याच जातीचा होता.

दुसरी : तोच हिशोब एकदा दुसऱ्या वाटेने करा. आर किंवा पायथनमध्ये, शक्यतो प्रोसिजरचा मजकूर समोर न ठेवता. मग दोन निकाल टेबलांत घालून पहिल्यातल्या दुसऱ्यात नसलेल्या ओळी आणि दुसऱ्यातल्या पहिल्यात नसलेल्या ओळी काढा. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सेप्ट’ने हे दोन क्वेरींत होतं. दोन्ही बाजू रिकाम्या आल्या, तर विश्वास ठेवायला जागा आहे. एकाच दिशेने तपासून थांबू नका; गळलेल्या ओळी दुसऱ्या दिशेनेच दिसतात.

तिसरी : प्रोसिजर फक्त सर्व्हरवर ठेवू नका. तिचा मजकूर फाइलमध्ये ठेवा, ती फाइल गिटमध्ये ठेवा, आणि छोट्या टेबलाची तपासणीही तिच्या शेजारीच. सर्व्हरवर कुणीही ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ केलं की जुनी प्रोसिजर नाहीशी होते, आणि मागच्या वर्षीचा आलेख कोणत्या आवृत्तीतून आला हे कुणालाच सांगता येत नाही. प्रबंधात सर्व्हरचं नाव आणि आवृत्तीही लिहा. वर पाहिलंत ना, एकच ओळ चार ठिकाणी काय काय करते ते.

शेवटी

हे सगळं वाचून ‘इतकं कोण करतं?’ असं वाटेल. मलाही वाटायचं. पण आठ ओळींचं टेबल बनवायला अर्धा तास लागतो, आणि नंतर प्रोसिजरमध्ये काहीही बदललं, की तीच तपासणी काही सेकंदांत पुन्हा चालवता येते. प्रबंधातला आकडा मात्र एकदाच छापला जातो, आणि त्यावर पुढचं कुणीतरी आपलं काम उभं करतं.

तेव्हा आज एवढंच करा. तुमच्याकडे आधीच लिहिलेली एखादी प्रोसिजर किंवा मोठी क्वेरी असेल, ती उघडा. पॅरामीटरची आणि कॉलमची नावं सारखी आहेत का बघा. मग तिचा एक पॅरामीटर बदलून चालवा. उत्तर बदलायला हवं होतं आणि बदललं नाही, तर बाकीची कामं बाजूला ठेवा आणि आधी तिथे बघा.